एक कोंबडी, तीन वाटे

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की जिल्हा बदलतो आणि तामलवाडी लागतं. टोलनाका, रस्त्याकडेची हॉटेलं, आणि मागे ज्वारी, तूर, सोयाबीन, द्राक्षांची रानं. पोटापाण्यासाठी सोलापूर गाठायचं आणि संध्याकाळी गावी परतायचं, असं इथल्या बऱ्याच घरांचं चालतं. गाव तुळजापूर तालुक्यातलं, म्हणून भवानीचे वारही पाळले जातात. पगार शहरातला, रान गावातलं आणि वार देवीचे. या तिन्हींचा मेळ घालत इथल्या स्वयंपाकघराचा हिशेब बसवावा लागतो.

२०२२-२३ च्या सरकारी उपभोग खर्च पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात एका माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी ३,७७३ रुपये होता. त्यातला ४६ टक्के अन्नावर गेला. अंडी, मासे आणि मटण-चिकन मिळून जेमतेम पाच टक्के. म्हणजे माणशी महिन्याला दोनशे रुपयेही नाहीत. सात माणसांच्या घराला तेराशेच्या आसपास. या तेराशेत सगळ्यांच्या ताटात काहीतरी बरं कसं पडावं, असा हा प्रश्न आहे.

पुढचा संवाद दोन जावांचा आहे. थोरली शेत आणि घर सांभाळते, धाकटी सोलापुरात दवाखान्यात नोकरी करते. या दोघी कोणा एका घरातल्या नाहीत. ही बाजू आणि ती बाजू बहुतेक घरांत एकाच वेळी नांदते, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत.

थोरली: दर रविवारी अर्धा-पाऊण किलो आणायचं, एका वेळेला फस्त करायचं, की पुन्हा बुधवारी पोरं मागं लागतात. त्यापेक्षा दोन किलोची अख्खी कोंबडी एकदाच आणू. पुरवून पुरवून खाऊ.

धाकटी: अक्का, अख्खी घेतली म्हणून स्वस्त पडत नाही. हिशेबापुरता जिवंत कोंबडीचा भाव किलोला दीडशे धरा. दोन किलोची तीनशेला आली. पिसं, कातडं, डोकं, आतडी गेली की हातात राहतं तेराशे-चौदाशे ग्रॅम. म्हणजे साफ केलेलं मांस किलोला सव्वादोनशेच्या आसपास पडलं. दुकानदार कापलेलं मांस जवळपास त्याच भावाने देतो, कारण तोही हाच हिशेब करतो. मग बचत कुठे झाली?

थोरली: बचत दुकानात होतच नाही. ती घरात होते. अर्धा किलो आणलं की पिशवीत जे येईल ते आपलं. त्यात मांडी किती, पाठीची हाडं किती, हे दुकानदाराच्या हातात. अख्खी घेतली की मान, पाठ, पंख, कलेजी, पोटा सगळं आपल्याकडे येतं. पाय हवे असतील तर तेही मागून घेता येतात. मग कुठल्या भागाचं काय करायचं ते मी ठरवते. तंगडीचं सुक्कं होतं, पाठीचं नाही. पाठीचा रस्सा होतो, तसा नुसत्या छातीचा होत नाही. सगळं एका पातेल्यात ढवळलं की चांगल्या तुकड्याचीही किंमत राहत नाही आणि हाडाचीही.

थोरलीचा मुद्दा शहरातल्या वाचकाने नीट ऐकावा. कोंबडीच्या प्रत्येक भागाची किंमत ठरते ती खाणाऱ्याच्या आवडीवर. अमेरिकेत छातीच्या मांसाला मागणी जास्त, म्हणून तिथल्या तंगड्या स्वस्तात परदेशी पाठवल्या जातात. आपल्याकडे तंगडीसाठी भावंडं भांडतात. बोनलेस घेणारा सोलण्या-कापण्याचे आणि आवडीचे पैसे मोजतो. अख्खी घेणाऱ्याला सगळे भाग एकाच सरासरी भावात मिळतात. फक्त प्रत्येक भागाला त्याचं काम देता आलं पाहिजे.

धाकटी: काम देता येतं, पण पोषणाचं काय? तेराशे ग्रॅममधून हाडं वजा केली तर निव्वळ मांस आठशे-नऊशे ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात वीसेक ग्रॅम प्रथिनं धरली तर अख्ख्या कोंबडीत पावणेदोनशे ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला साडेएक्केचाळीस ग्रॅम. आपल्या सात जणांची एका दिवसाची गरज अडीचशे ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे अख्खी कोंबडी एका दिवसालाही पुरत नाही, आणि तुम्ही ती तीन वेळा पुरवायला निघालात. रश्शात पाणी वाढवलं म्हणून प्रथिनं वाढत नाहीत, अक्का.

थोरली: पाणी मी वाढवत नाही, येसूर वाढवते. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजायची, धणे-मिरच्या-मसाल्याबरोबर दळायची. दोन पळ्या रश्शात टाकल्या की दाटपणा येतो आणि धान्य-डाळही पोटात जाते. आपल्याकडच्या पंगतीत येसराच्या आमटीवर माणसं भाकरी कुस्करून जेवतात ती काही पाण्यावर नाही. आणि कोंबडी एकटी कुठे जेवायची असते? तिच्यासोबत ज्वारीची भाकरी आहे, शेंगदाण्याचा कूट आहे. उरलेली गरज तिथून भागते.

धाकटी: ते मान्य. पण मग पैशाचाच प्रश्न असेल तर अंडी का नाहीत? अंड्याला साडेसहा रुपये धरले तर तीनशेत शेहेचाळीस अंडी येतात. एकात सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एकूण पावणेतीनशे ग्रॅम. कोंबडीच्या दीडपट. शिवाय अंडं रोज एकेक देता येतं, कापणं-धुणं नाही. तूरडाळीत शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम आहेत, सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या वर.

थोरली: सोयाबीनचं नाव काढलंस ते बरं झालं. आपल्या रानातलं सोयाबीन जातं कुठे? गिरणीत तेल निघतं आणि पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते. आपण पिकवतो, कोंबडी खाते आणि मग आपण कोंबडी विकत आणतो.

धाकटी: म्हणूनच म्हणते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलं. खाद्य परवडेना, तेव्हा कुक्कुटपालनासाठी सरकारला बाहेरून बारा लाख टन सोयापेंड आणायची परवानगी द्यावी लागली. ब्रॉयलरचं वजन एक किलो वाढायला पावणेदोन किलोपर्यंत खाद्य लागतं. मधली कोंबडी वगळून सोयाबीन सरळ ताटात का येऊ नये?

थोरली: येऊ दे की! पण नुसत्या वड्यांची भाजी केली तर पोरं बाजूला सारतात. त्याच वड्या कोंबडीच्या रश्शात टाक, बोटं चाटून खातात. वडी रस्सा पिऊन घेते. म्हणून म्हणते, कोंबडी पोट भरायला आणायची नसते. कोंबडी आणायची ती बाकीचं अन्न गोड लागावं म्हणून.

माझ्या मते या चर्चेचं सार या एका वाक्यात आहे. कोंबडी पुरवणं म्हणजे मांसाचे तुकडे लहान करणं किंवा रस्सा पांचट करणं नव्हे. डाळ, सोयाबीन, ज्वारी यांची प्रथिनं स्वस्त आहेत, पण रोज तीच खाऊन जीभ कंटाळते. हाडांच्या अर्काची चव त्यांना मिळाली की स्वस्त अन्न आवडीचं होतं. त्यातून कोंबडीचं थोडं मांस, ब-१२ जीवनसत्त्व आणि शरीराला चटकन घेता येणारं लोह मिळतं. ब-१२ डाळी-धान्यांतून मिळत नाही. शिवाय मांसाबरोबर खाल्लेल्या डाळीतलं आणि भाजीतलं लोहही शरीर अधिक चांगलं शोषून घेतं. म्हणजे थोडं मांस भरपूर डाळीसोबत खाणं हे खिशाला परवडणारं आहेच, शरीरालाही मानवणारं आहे. कोंबडी विरुद्ध डाळ, अशी निवड करावीच लागत नाही.

ही रीत आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. हळद, मीठ, आलं-लसूण लावून कोंबडी आधी अळणी, म्हणजे बिनतिखट, शिजवायची. त्या पाण्याची एकेक वाटी लेकरांना, आजारी माणसाला, म्हाताऱ्याला द्यायची. शिजलेले निवडक तुकडे काळ्या तिखटात परतून सुक्कं करायचं आणि उरलेल्या अर्काला भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा. एकाच शिजण्यात तीन पदार्थ. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शामागेही हाच विचार आहे. मटणाची ही रीत कोंबडीला आली, कारण मटण रोजच्या घरातून जवळपास निघूनच गेलं. ज्या जिल्ह्याने उस्मानाबादी शेळी ही नामांकित जात देशाला दिली, तिथल्याच कष्टकरी घराला तिचं मटण सणासुदीपुरतं उरलं आहे.

धाकटी: रीत चांगली आहे, पण वारांचं काय? रविवारी आणलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी खायची म्हटलं तर सोमवार. मंगळवार देवीचा. गुरुवारी तुम्ही खात नाही, शुक्रवार पुन्हा देवीचा, शनिवारी भावजींचा मारुती. उरले रविवार आणि बुधवार. शहरातल्या बायका म्हणतात, उरलेलं उद्या खा. आपल्या घरात उद्या खाणारं कोणी नसतं.

थोरली: म्हणून तर शिजवलेलं उरवायचंच नाही. कच्चंच वाटून ठेवायचं.

धाकटी: आणि उन्हाळ्यात? एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. आमच्याकडे जुलाब-उलट्यांचे रोगी येतात, त्यात दुपारचं रात्री खाल्लेले कितीतरी असतात. शिजवलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. अशा उन्हात तर तासाच्या आतच फ्रिजमध्ये जायला हवं. कच्ची कोंबडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात फार तर दिवसभर, त्यापुढे फ्रीजरमध्येच. एकदा वितळलेली पुन्हा गोठवायची नाही. आणि कोंबडी नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, कोथिंबिरीवर, भाकरीच्या परातीवर जातात. ती विळी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय कांदा चिरायचा नाही.

थोरली: ते मी शिकून घेईन. तू ऐक आता. दुकानदाराला सांगायचं, तीन वाटे कर. एका पिशवीत तंगड्या, मांड्या, कलेजी-पोटा. दुसरीत पाठ, मान, पंख. तिसरीत छाती. पहिला वाटा रविवारी दुपारी: अळणी आणि सुक्कं. दुसरा दिवसभर फ्रिजमध्ये, संध्याकाळी ताजाच कुकरला लावायचा. हाडांचा अर्क, येसूर, वर सोयाबीनच्या वड्या. तिसरा वाटा घरी आल्याबरोबर फ्रीजरमध्ये, तो बुधवारी. मंगळवारी रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा, बुधवारी बारीक तुकडे करून हरभऱ्याच्या डाळीत नाहीतर मसालेभातात. सोमवार, मंगळवार सगळे मोकळे.

धाकटी: मंगळवारी फ्रिजमध्ये चालेल ना देवीला?

थोरली: डब्यात झाकलेलं असतं, आपण कुठे खातोय? आणि ज्या घरात चालत नाही त्यांनी बुधवारी सकाळी बंद पिशवीसकट गार पाण्यात ठेवावं, पाणी मधूनमधून बदलावं. छातीचे लहान तुकडे लवकर सुटतात.

धाकटी: हा हिशेब पटला. दुपारचं रात्री नाही, शिळं काहीच नाही. पण दोन गोष्टी तुमच्या हिशेबात अजून आल्याच नाहीत. पहिली, हे सगळं करणार कोण? मला आठवड्यात रविवार एकच. अर्धा किलो आणलं की तासाभरात सुटका होते. तुमच्या तीन वाट्यांत तीन वेळा वाटण, तीन वेळा भांडी. पैसे वाचले आणि आपल्या दोघींची कंबर मोडली, तर ती बचत कुणाची?

थोरली: वाटण एकदाच करायचं. कांदा-खोबरं एका दमात भाजून वाटून तीन डब्यांत ठेवायचं.

धाकटी: आणि भांडी? दुकानात जाऊन तीन पिशव्या करून आणणं, फ्रीजरमध्ये लावणं, रात्रीची भांडी घासणं ही कामं भावजींची आणि ह्यांची. ते ठरलं तरच अख्खी कोंबडी. नाहीतर माझं अर्धा किलोच बरं.

थोरली: सांगते मी. ऐकतील. नाही ऐकले तर भाकरी कमी थापीन.

धाकटी: दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तंगड्या पोरांना, कलेजी भावजींना, सुक्कं पुरुषांना. आपण दोघी शेवटी बसतो तेव्हा पातेल्यात काय असतं? रस्सा आणि मानेचं हाड. कोंबडी पुरली असं आपण म्हणतो, कारण आपण खाल्लेलीच नसते.

थोरली: बायामाणसांचं असंच चालत आलंय, बाई.

धाकटी: चालत आलंय म्हणून आपलं रक्त कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी चोपन्न बायकांना रक्तक्षय निघाला. कोंबडीच्या कलेजीत शंभर ग्रॅमला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे. एका कोंबडीची कलेजी चाळीसेक ग्रॅमची, म्हणजे साडेतीन मिलिग्रॅम. बाईला दिवसाला २९ लागतं. सात जणांत वाटली तर कुणाच्याच उपयोगाची नाही. पण दर आठवड्याला सबंध कलेजी आपल्या पोरीला दिली, वर लिंबू पिळलं, जेवणावर लगेच चहा नाही दिला, तर काही तरी अंगी लागेल. पाळी सुरू झालीय तिची. बाकी पालेभाजी, डाळ आणि दवाखान्यातल्या गोळ्या आहेतच.

थोरली: कलेजी घरच्या कर्त्याची, असं सासूबाई म्हणायच्या.

धाकटी: ज्याला गरज त्याची, असं आपण म्हणू. फक्त गरोदर बाईला कलेजी वरचेवर नको, तीत अ जीवनसत्त्व फार असतं. एरवी आधी सात ताटं वाढायची, मग सगळ्यांनी बसायचं. तेव्हाच कळेल, कोंबडी खरंच पुरते की नाही.

थोरली: (थोड्या वेळाने) बरोबर आहे तुझं. कमी पडायचं ते आपल्याच ताटात पडतं, म्हणून कुणाला दिसत नाही. सात ताटं मांडून कमी पडली तर वड्या वाढवू, डाळ वाढवू. पण दिसू दे तरी.

इथे दोघींचं एकमत झालं आणि माझंही. काटकसरीचे सल्ले देताना आपण भाव, वजन आणि पाककृती सांगतो. वाढप कोण करतं आणि शेवटी कोण जेवतं हे सांगत नाही. शेवटी बसणारी बाई अर्धपोटी राहिली तर हिशेबात ती बचत म्हणून दिसते. सात जणांच्या घरात पाचच जणांना मांस पोचतं आणि आपण म्हणतो, काय सुगरण आहे, किती पुरवून वाढते. या कौतुकाची किंमत रक्तक्षयाच्या आकड्यात दिसते.

म्हणून अख्खी कोंबडी आणणाऱ्या घरांनी थोरलीचे तीन वाटे जरूर घ्यावेत, पण धाकटीच्या दोन अटींसकट. कापून आणणं, साठवणं आणि भांडी यांत घरच्या पुरुषांचा हात असावा. आणि पहिला घास कुणी घेण्याआधी सगळी ताटं वाढलेली असावीत, बायकांच्या ताटांसकट. ज्या घरात फ्रिज नाही किंवा वीज भरवशाची नाही, त्यांनी लहान कोंबडी आणावी, ती एकाच वेळी शिजवून एकाच जेवणात संपवावी आणि बुधवारी अंड्यांची आमटी करावी. गावरान कोंबडी असेल तर हाडं जास्त वेळ शिजवावीत. ती पाच-सहा महिन्यांची असते, तिचा अर्क सावकाश उतरतो. सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरला तेवढा वेळ दिला तर मांसाचा नुसता चोथा होतो आणि गॅस वाया जातो.

महागाई आपल्या हातात नाही. पण तीनशे रुपयांत आणलेल्या एका कोंबडीचे वाटे कसे पडावेत, हे पूर्णपणे घराच्या हातात आहे. वाटे नीट पडले तर एका कोंबडीत तीन जेवणं होतात. त्या तिन्ही जेवणांत घरातली प्रत्येक बाई आणि प्रत्येक मुलगी आपल्या वाट्याचं खाऊन उठली, तर त्या घराने खरोखर बचत केली असं म्हणता येईल.